तीस घाणे

भजी तळणारा एका संध्याकाळी तीस घाणे काढतो. पहिल्या घाण्यात मीठ कमी पडलं तर दुसऱ्यात वाढवतो, तेल नीट तापलं नसेल तर तिसऱ्यापर्यंत दम धरतो, आणि गर्दी व्हायच्या आत त्याचा हात बसलेला असतो. बेदाण्याच्या धंद्यात एक घाणा म्हणजे एक वर्ष. फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होऊन एप्रिल सरता सरता संपणारे सत्तर-पंचाहत्तर दिवस, की झालं. तिशीत शेड टाकलं आणि साठीपर्यंत अंगात उमेद राहिली, तर माणसाच्या वाट्याला सगळे मिळून ३० हंगाम येतात. त्यातले दोन-तीन अवकाळी पाऊस घेऊन जातो. पहिले चार शिकण्यात जातात. उरलेल्यांत काय करायचं ते करा.

शेतमाल प्रक्रिया उद्योगावर बोलणारे लोक लगेच यंत्रं, अनुदानं आणि ब्रँड यांवर येतात. ते सगळं खरं आहे आणि पुढं येईलच. पण या धंद्यात मुरलेल्या माणसाला ओळखायची खूण वेगळी आहे. तो वर्षांची नावं घेत नाही, हंगामांची घेतो. 'ते मार्चच्या पावसाचं साल', 'ते काळ्या मालाचं साल'. अशी उजळणी करताना त्याच्या बोलण्यात हंगामाच्या नोंदींची वही आपोआप येते. ज्याच्याकडं वही नाही, त्याचा दहावा हंगाम पहिल्यासारखाच जातो.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कवठेमहांकाळ-जतच्या माळावर आणि पुढं सांगोल्याच्या हद्दीत जुनोनीकडं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळ्यांची शेड ओळीनं दिसतात. द्राक्षं पुष्कळदा तासगाव-मिरजेच्या काळ्या रानात पिकतात आणि वाळायला माळावर येतात, कारण माळावर झाडी तुरळक, हवा कोरडी आणि वारा मोकळा. 'सांगली बेदाणा' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात बागेचा वाटा जितका, तितकाच या उजाड माळाचा आहे असं माझं मत.

त्या वाऱ्याची किंमत काढून बघा. एक टन द्राक्षाचा बेदाणा करायचा तर साधारण ७४० लिटर पाणी उडवावं लागतं. तेवढ्या पाण्याची वाफ करायला, काहीही वाया न घालवता, जवळजवळ ५०० युनिट वीज लागेल. आणि प्रत्यक्षातले ड्रायर निम्मी उष्णता हवेत सोडतात, म्हणजे धरा हजार युनिट. माळावर हे काम फुकट होतं. नव्या माणसाला हे पटत नाही. तो स्वतःची जागा आहे म्हणून विहिरीशेजारी, उसाच्या फडाला लागून शेड टाकतो. उसाला पाणी दिलं की रात्री तिथली हवा दमट होते, आणि बारा दिवसांत उतरणारा माल अठराव्या दिवशीही बोटाला चिकटतो. जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: शेजारी बागायत नको, कच्चा रस्ता नको (धुरळा मण्यावर बसतो आणि दाताखाली कचकच लागते), आणि शेडची लांब बाजू वाऱ्याला आडवी बसावी, म्हणजे वाऱ्याला फक्त रुंदीच पार करावी लागते. उलटी बसवली तर पुढच्या टोकाचा माल आधी सुकतो, मागचा रडत बसतो.

आता गोडीचा हिशेब. हा सगळ्या धंद्याचा कणा आहे, आणि गंमत म्हणजे तो सातवीच्या गणिताचा आहे. वाळवताना द्राक्षातलं फक्त पाणी जातं. साखर आणि बाकीचा गर तेवढाच राहतो. ब्रिक्स म्हणजे रसात शेकडा किती गोडी विरघळलेली आहे त्याचं माप. २२ ब्रिक्सच्या एक टन द्राक्षात ढोबळमानानं २२० किलो गर असतो. बेदाण्यात १५ टक्के पाणी ठेवायचं, म्हणजे २२० भागिले ०.८५, आले २५९ किलो. तीच द्राक्षं १८ ब्रिक्सला तोडली तर १८० भागिले ०.८५, फक्त २१२ किलो. एका टनामागे ४७ किलो बेदाणा बागेतच राहिला. द्राक्ष ३० रुपये किलोनं घेतलं असं धरलं, तर पहिल्या मालात एका किलो बेदाण्याला ११६ रुपयांचं द्राक्ष लागलं आणि दुसऱ्यात सुमारे १४२ रुपयांचं. देठ, फुटके मणी, निवडणीतली घट हे सगळं अजून बाकीच आहे. म्हणून चार किलोला एक किलो हा व्यवहारातला आकडा. भाव करताना ज्याच्या हातात ही गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नाही, तो डोळे झाकून किलोमागे पंचवीस रुपये सोडून देतो.

रिफ्रॅक्टोमीटर असून भागत नाही, मणी कुठला घेतला हेही पाहावं लागतं. घडाच्या खांद्यावरचे मणी गोड, शेंड्याचे त्यामानानं आंबट. विकणारा खांद्यावरचा मणी पुढं करतो, त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही, तोच मणी हाताला लागतो. आपण दहा-बारा वेलींवरचे, सावलीतल्या घडांचे, खांदा-मध्य-शेंडा असे मणी घ्यायचे, एकत्र चुरायचे आणि त्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा. खायच्या द्राक्षाला १६-१८ ब्रिक्स पुरे. बेदाण्याला २२ च्या खाली उतरू नये, २४ मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण २४ ची वाट पाहायची म्हणजे घड आणखी आठ-दहा दिवस वेलीवर ठेवायचा, आणि मार्चमधले आठ दिवस आभाळाच्या हवाली करायचे. किती थांबायचं, हे सांगणारं यंत्र नाही. पाच-सात हंगामांनंतर अंगात येतं ते हेच.

तोडणी दव उतरल्यावर. ओला घड क्रेटमध्ये गेला की खालचे मणी चेपतात. मोठा घड तसाच आणायचा नाही, कात्रीनं त्याचे दोन-तीन तुकडे करायचे, नाहीतर आतल्या मण्याला ना द्रावण पोचतं ना वारा. पिठ्या ढेकणानं चिकटा सोडलेले घड बागेतच बाजूला काढावेत. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, आणि वाळल्यावर मण्यावरचा तो काळा ठिपका कुठल्याही धुण्यानं नीट जात नाही.

मग टाकी, म्हणजे घड बुडवायच्या द्रावणाची. शेडवरच्या एखाद्या कामात मालकानं स्वतः उभं राहायचं असेल तर ते इथं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, कौलांसारखा एकावर एक बसलेला. तो पाणी आत कोंडून धरतो. नुसतं द्राक्ष उन्हात टाकलं तर वाळायला तीन-चार आठवडे लागतात आणि माल तपकिरी होतो. डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, या मेणाच्या कौलांच्या फटींत शिरतं आणि पाण्याला वाट करून देतं. पोटॅशियम कार्बोनेट द्रावण अल्कधर्मी ठेवतं, त्यामुळं तेल पाण्यात नीट फेटलं जातं. प्रमाण लिटरला २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिली ऑइल. ५०० लिटरच्या टाकीला साडेबारा किलो कार्बोनेट, साडेसात लिटर ऑइल.

क्रम चुकवू नये. आधी पाणी, त्यात कार्बोनेट, ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. मग ऑइल बारीक धारेनं ओतत ढवळत राहायचं. द्रावण दुधासारखं दिसलं म्हणजे जमलं. पाण्यावर पिवळसर थेंब तरंगताना दिसले की काम थांबवा, कारण तो माल ठिपक्यांचा होणार: ज्या मण्यावर थेंब बसला तिथं काळपट, बाकी ठिकाणी अर्धवट. बोअरचं पाणी जड असेल तर कार्बोनेट टाकल्यावर तळाला पांढरा साका बसतो. तो पाण्यातला चुना असतो, आणि तुमचं कार्बोनेट त्यात खर्ची पडलेलं असतं. असं पाणी आदल्या दिवशी एका टाकीत थोडं कार्बोनेट टाकून निवळू द्यावं आणि वरचं वापरावं, किंवा सरळ गोड पाण्याचा टँकर मागवावा. पाणी कसं आहे हे हंगामाआधी तपासून घेण्यात काही शंभरांचा खर्च आहे. हंगामात कळलं तर टनांचा.

क्रेट बुडवून दोन ते चार मिनिटं ठेवायचा. वर काढून निथळू द्यायचा, निथळलेलं द्रावण टाकीत परत. दिवसभर क्रेटमागून क्रेट बुडत राहतात तसं द्रावण मळतं, पातळ होतं, त्याचा सामू (पीएच) उतरतो. सुरुवातीला तो ११ च्या आसपास असतो. पट्टी लावून बघत राहावं आणि उतरला की कार्बोनेटची भर घालावी. संध्याकाळी उरलेलं ओतून द्यावं. इथंच बहुतेकांचा हात आखडतो. ऑइल महाग, म्हणून कालचंच द्रावण आज चालवलं जातं. काल फुटक्या मण्यांचा रस त्यात पडलेला असतो, रात्रभर ते आंबतं. दुसऱ्या दिवशीचा माल रॅकवर चार दिवस जास्त बसतो आणि कुणाला कळत नाही का. वहीत टाकीची तारीख आणि रॅकचा क्रमांक समोरासमोर लिहिला असेल तरच कळतं.

रॅकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अँगलचा सांगाडा, त्यावर जाळ्यांचे आठ ते बारा थर, दोन थरांत साधारण फूटभर अंतर, वर प्लास्टिकचा कागद, बाजूंना शेडनेट. घड एका थरात पसरायचे, एकावर एक टाकायचे नाहीत. हिरवा माल हवा असेल तर थेट ऊन मण्यावर पडू नये, कारण उन्हानं आणि फुटलेल्या सालीनं मण्यातला रंग करपतो, सफरचंद चिरून ठेवल्यावर होतं तसा. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पातळ द्रावणाचा एक फवारा देतात, पहिल्या बुडवणीत राहून गेलेल्या जागांसाठी. सगळ्यात खालचा थर सर्वांत उशिरा वाळतो. तिथं वारा कमी आणि जमिनीची ओल जवळ. म्हणून खालची जाळी जमिनीपासून दोन फूट तरी वर असावी आणि तिच्यावर माल विरळ टाकावा.

पिवळ्या बेदाण्यासाठी गंधकाची धुरी देतात. या विषयावर लोक हळू आवाजात बोलतात, तशी काही गरज नाही. धुरी दिल्यानं रंग उजळतो, टिकतो, बुरशीही दूर राहते. प्रश्न मात्रेचा आहे. युरोपात किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असलं तर ते लेबलवर छापावं लागतं, आणि आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात अशा बेदाण्याला किलोमागे १५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. नाकाला झोंबणारा माल स्थानिक बाजारात खपेलही; परदेशी प्रयोगशाळेत तो नाकानं तपासत नाहीत. तीच गोष्ट बागेत फवारलेल्या औषधांची. द्राक्षावर किलोला जेवढा अंश होता तो चार किलोचा एक किलो झाल्यावर चौपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे खायला चालणारं द्राक्ष बेदाणा झाल्यावर नापास होऊ शकतं. म्हणून ज्याला निर्यात करायची त्यानं भाव बोलायच्या आधी बागायतदाराची फवारणीची नोंद मागावी. मागायला संकोच वाटतो, विशेषतः घरोब्यातल्या माणसाकडं; पण मागावी. बुरशीचं विषही मोजतात: युरोपात बेदाण्याला ऑक्राटॉक्सिन-ए ची मर्यादा किलोमागे ८ मायक्रोग्रॅम आहे. ही बुरशी फुटक्या मण्यावर आणि रेंगाळलेल्या वाळवणीत वाढते, म्हणजे शेवटी तिची मुळं टाकीत आणि वाऱ्यातच.

पाऊस. मार्चमध्ये दुपारी चारला नैऋत्येला ढग जमायला लागले की सगळ्या माळावर एकच धावपळ असते: ताडपत्री खाली सोडा, दोऱ्या बांधा, चर मोकळे करा. पहिल्या हंगामातला माणूस ताडपत्री सोडतो, पाऊस थांबतो, आणि तो निवांत झोपायला जातो. घात तिथं होतो. शेड बंद असताना आत मालाची वाफ कोंडलेली असते. पावसाच्या थेंबानं जेवढं नुकसान होत नाही तेवढं त्या कोंडलेल्या रात्रीनं होतं. पाऊस थांबला की, रात्रीचे दोन वाजले असले तरी, वाऱ्याकडची बाजू उघडायची. पहिल्या चार दिवसांतला माल पाऊस बऱ्यापैकी सोसतो, कारण साल अजून तंग असते. नववा-दहावा दिवस वाईट. मणी सुरकुतलेला, सुरकुत्यांत पाणी अडकतं, साखर बाहेर झिरपते, मणी एकमेकांना चिकटतात आणि दोन दिवसांत काळे पडतात. अशा मालाला हिरव्याचा भाव मिळेल या आशेवर आठवडाभर रॅक अडवून ठेवण्यापेक्षा तो काळा म्हणून लवकर उतरवावा आणि रॅक पुढच्या द्राक्षाला द्यावा. हंगामात रॅकचा एक दिवस हा मालापेक्षा महाग असू शकतो. आकड्यांत पाहिलं तर उघड आहे, पण आपल्या हातानं वाळवलेल्या मालाला काळा म्हणायला जीव धजत नाही.

माल उतरवायचा कधी? मॉइश्चर मीटर १४ ते १६ टक्के दाखवेल तेव्हा. पण मीटर आधी गरम मालाला फसतो आणि नंतर बॅटरीला, म्हणून हाताची परीक्षा सोडू नये. सकाळी, माल थंड असताना, मूठभर मणी घट्ट दाबायचे आणि मूठ उघडायची. मणी आपोआप सुटे झाले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर अजून दोन दिवस. दाबताना आतून कुरकुर जाणवली, जणू वाळूचे कण, तर उशीर झाला: साखरेचे खडे धरायला लागलेत. मग एक मणी दातानं तोडायचा. तुटलेल्या कडेला ओल चमकली नाही पाहिजे, आणि मणी चिवट असावा, कडक नव्हे. १८ टक्क्यांच्या वर ठेवलेला माल बॉक्समध्ये आंबतो. १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर आंबणार नाही, पण वजन जाईल: २५९ किलोच्या ठिकाणी २५० किलो. टनामागे नऊ किलो नुसत्या भीतीपोटी हवेत. नवखा माणूस एका वर्षी ओला उतरवून हात पोळतो आणि पुढची तीन वर्षं कोरडा उतरवत राहतो. ही चूक दिसत नाही, ओरडत नाही, म्हणून जास्त टिकते.

पुढं मळणी, देठ काढणं, चाळण, धुणं, पुन्हा सुकवणं, निवडणी. निवडणीला बायका बसतात, आणि त्यांच्या नजरेला पर्याय म्हणून आता कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून मणी निवडणारी यंत्रं, आली आहेत. यंत्र रंग झटपट ओळखतं. देठाचा बारीक तुकडा मण्याच्या रंगाचा असला की चुकतं. दोन्ही लागतात. तयार माल १५ किलोच्या बॉक्समध्ये भरून शीतगृहात जातो, ४ अंशांच्या आसपास. बाहेर ठेवला तर उन्हाळा-पावसाळ्यात हिरवा रंग पिवळट, मग तपकिरी होत जातो. शीतगृहातून माल काढण्यातही खुबी आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवशी थंड बॉक्स एकदम बाहेर आणून फोडला की फ्रिजमधल्या बाटलीला फुटतो तसा मण्यांना घाम फुटतो. बॉक्स बंदच ठेवून आधी मधल्या खोलीत, मग बाहेर, असे काही तास जाऊ द्यायचे. महिनोन्‌महिने सांभाळलेला रंग अर्ध्या दुपारच्या घाईत घालवलेले लोक थोडे नाहीत.

आता पैशांकडं येऊ. इथं धंद्याची घडण खरी कळते. द्राक्षं सत्तर दिवसांत घ्यायची आणि बहुतेक वेळा रोख. बेदाणा विकायचा वर्षभर, आणि तोही उधारीवर. कर्जाचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं, तर मार्चचा माल आठ महिने ठेवल्यावर व्याजच ८ टक्के झालं. वर शीतगृहाचं भाडं, हमाली, थोडी वजनातली तूट. म्हणजे दिवाळीला भाव दहा टक्के चढला तर तुम्ही तिथंच आहात जिथं मार्चमध्ये होता. 'भाव वाढल्यावर काढू' म्हणणाऱ्यानं हे एकदा कागदावर मांडावं. सगळा माल ठेवूही नये, सगळा काढूही नये. तीन-चार हप्त्यांत विकणारे लोक कधी फार कमवत नाहीत आणि कधी बुडतही नाहीत.

सौद्यांची स्वतःची रीत आहे. बॉक्स फोडतात, खरेदीदार मूठ भरून बघतात, आणि बघितलेला माल परत बॉक्समध्येच पडेल असं नाही. त्याला 'उधळण' म्हणतात, आणि शेतकऱ्यांची ही तक्रार जुनी आहे. एका बॉक्समागे पसाभर हा आकडा छोटा वाटतो. पाचशे बॉक्सवर तो छोटा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास सौदे काही आठवडे बंद ठेवून मागची सगळी येणी चुकती करायची पद्धत आहे, तिला 'झिरो पेमेंट' म्हणतात. नव्या उद्योजकानं कुठल्या खरेदीदाराचं येणं त्या तारखेला खरोखर शून्यावर येतं, हे दोन वर्षं नुसतं पाहावं. भावापेक्षा ती माहिती जास्त कामाची.

करात एक बारकावा आहे. शेतकऱ्यानं आपल्या द्राक्षाचा बेदाणा करून विकला तर त्यावर जीएसटी नाही, हे जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ च्या बैठकीत स्पष्ट केलं गेलं. पण दुसऱ्याची द्राक्षं विकत घेऊन बेदाणा करणारा त्या मालापुरता शेतकरी राहत नाही. स्वतःची बाग आणि विकतचं द्राक्ष एकाच शेडमध्ये वाळवणाऱ्यानं दोन्हींच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात.

अनुदानाबद्दल थोडक्यात. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या पंतप्रधान योजनेत, जी २०२० मध्ये सुरू झाली, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठरलं. त्याच वर्षीच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. दोन्ही उपयोगी आहेत. मात्र पहिलं अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं आणि तीन वर्षं कर्ज नीट फेडल्यावर त्यातून वळतं होतं. तो पैसा हातात येत नाही, त्यातून द्राक्षं घेता येत नाहीत. अनुदान धरून यंत्रं मागवली आणि द्राक्षं घ्यायला पैसाच उरला नाही, अशी शेड पाहिली की वाईट वाटतं: सॉर्टर नवा कोरा, प्लास्टिकच्या आवरणात, आणि रॅक अर्धे रिकामे.

म्हणूनच सुरुवात कशी करावी असं कुणी विचारलं तर उत्तर नेहमी तेच: पहिले दोन-तीन हंगाम दुसऱ्याची द्राक्षं वाळवून द्या. बागायतदार माल आणतो, तुम्ही किलोमागे वाळवणीचे पैसे घेता. नफा थोडा. पण द्राक्षाचे पैसे तुमचे अडकलेले नसतात, आणि वीस वेगवेगळ्या बागांचा माल एकाच हंगामात हाताखालून जातो. थॉमसन जातीचा माल कसा वाळतो, तास-ए-गणेश कसा, सोनाकाच्या लांब मण्याला किती दिवस जास्त लागतात, जाड मणी किती उशीर करतो, कुणाची बाग खरी २२ ची आणि कुणाची बोलण्यातली २२ ची. एका घाण्यात वीस घाणे बघायची ही एकच सोय या धंद्यात आहे. थेट स्वतःच्या खरेदीनं उतरणारे हे शिक्षण स्वतःच्या पैशानं घेतात.

मागणीचा एक काटा हळू फिरतो, तो वर्षभराच्या हिशेबात दिसत नाही. रमजानात बेदाण्याला मागणी असते, आणि रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडं सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला आला, म्हणजे नवा माल नुकताच रॅकवर आणि बाजारात गेल्या वर्षीचा शीतगृहातला. जसजसा तो फेब्रुवारी-जानेवारीत सरकेल, तसतसा त्या मागणीला पुरवठा पूर्णपणे जुन्या मालातूनच करावा लागेल, म्हणजे रंग दहा महिने धरून ठेवणाऱ्याची चलती. साधारण ३३ वर्षांत हे चक्र पूर्ण होतं. एखाद्याची सगळी कारकीर्द त्या एका फेऱ्यात बसते. दहा वर्षांपूर्वी बरोबर असलेला साठवणुकीचा ठोकताळा आज चुकीचा का, हे पुष्कळांना कळत नाही, त्याचं एक कारण हे.

मे महिन्यात शेड रिकामं होतं. जाळ्या सोडून धुतात, कारण वाळलेल्या रसावर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. फाटलेल्या जागा शिवतात, ताडपत्र्या उंदरांपासून वर टांगतात, टाकीच्या तळाचा साका खरवडतात. लोक म्हणतात हंगाम संपला. पण बागेत एप्रिलची खरड छाटणी झालेली असते, आणि त्यानंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीवरच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड ठरतो. त्या दिवसांत आभाळ सलग भरून राहिलं तर डोळे वांझ निघतात, आणि फेब्रुवारीत द्राक्ष कमी, महाग. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुरलेला बेदाणेवाला शीतगृहातल्या बॉक्सची पावती खिशात टाकतो आणि दुसऱ्याच्या बागेत जाऊन काड्या बघतो. किती दिवस ऊन पडलं, किती दिवस ढग होते, हे वहीच्या नव्या पानावर लिहितो. पानावर पुढच्या वर्षाचा आकडा त्यानं आधीच टाकलेला असतो.